जीर्णोद्धार आणि नव्या द्रव्याचे प्रामाण्य

महाराष्ट्रातील एखाद्या जुन्या गावात ग्रामदैवताच्या देवळाचा जीर्णोद्धार करावयाचे ठरले, वर्गणीची पावतीपुस्तके छापून झाली आणि समितीची पहिली बैठक सभामंडपात भरली, म्हणजे तेथे दोन पक्ष पडतात, आणि दोन्ही पक्ष देवाच्याच नावाने बोलू लागतात. एका पक्षाचे म्हणणे असे, की वाडवडिलांनी काळ्या पाषाणात उभारलेले देऊळ पाषाणाचेच राहिले पाहिजे. सिमेंट आणि लोखंड हे कलियुगाचे पदार्थ असून गाभाऱ्यात त्यांना प्रवेश नाही. दुसऱ्याचे म्हणणे असे, की देव भावाचा भुकेला आहे, दगडाचा नव्हे; सबब आरसीसीचा प्रशस्त मंडप झाला, ग्रॅनाइटची फरशी बसली आणि पावसाळ्यात कीर्तनाला आलेल्या माणसांच्या डोक्यावर गळका पत्रा न राहता पक्का स्लॅब आला, तर त्यात अधर्म तो कोणता? बहुधा दुसरा पक्ष जिंकतो, कारण पाथरवट मिळत नाही आणि कंत्राटदार मिळतो. परंतु कोण जिंकले यावरून कोणाचे म्हणणे खरे हे ठरत नसते. या वादाचा विचार सौंदर्याच्या अंगाने आणि खर्चाच्या अंगाने पुष्कळ झाला आहे. तो धर्माचा व ज्ञानमीमांसेचा प्रश्न म्हणून हाती घेतला, तर दोन्ही पक्षांनी भांडणासाठी जागाच चुकीची निवडली आहे, असे मला वाटते.

प्रथम परंपरेचीच साक्ष काढावी. देवालय बांधणाऱ्यास लाभणाऱ्या पुण्याचे वर्णन करताना पुराणे मातीच्या देवालयापेक्षा लाकडाचे, लाकडापेक्षा विटेचे व विटेपेक्षा पाषाणाचे श्रेष्ठ मानतात. ही श्रेणी ज्यांनी घातली त्यांना द्रव्य बदलते हे ठाऊक होते, आणि अधिक टिकाऊ द्रव्याकडे जाणे हे त्यांना पुण्याचे कृत्य वाटत होते. म्हणजे ज्या पाषाणाला आज सनातन म्हणून पुढे केले जाते तो एके काळी नवा होता. कार्ल्याच्या चैत्यगृहात उभे राहून मान वर केली की या संक्रमणाचा दाखला डोळ्यांपुढे येतो. डोंगर कोरून घडविलेल्या त्या कमानदार छताला कोणाच्या आधाराची गरज नाही. तरीही सुमारे दोन सहस्र वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी त्याला खऱ्या लाकडाच्या फासळ्या बसविल्या, आणि त्यांपैकी पुष्कळ आजही तेथे आहेत. त्या लाकडावर कसलाही भार नाही. नवे तंत्र पूर्णपणे हस्तगत झाले असूनही उपासकाच्या डोळ्यांना जुन्या लाकडी चैत्याची ओळख पटली पाहिजे, या श्रद्धेपोटी ते घातले गेले. आज सिमेंटच्या शिखरावर साच्यातून काढलेली आमलके बसविणाऱ्या गवंड्यास आपण हसतो. पण त्याची वृत्ती फार प्राचीन आहे, हे हसण्यापूर्वी ध्यानात घेतलेले बरे.

लोखंडाविषयीही असेच. देवालयात लोखंड निषिद्ध हे मत आज इतके सर्वत्र ऐकू येते, की तो जणू निरपवाद नियम असावा असे वाटावे. परंतु तेराव्या शतकात उभारलेल्या कोणार्कच्या सूर्यमंदिरात घडीव लोखंडाच्या प्रचंड तुळया वापरलेल्या होत्या, आणि त्या तेथे आजही पाहावयास मिळतात. मात्र परंपरेत सर्वच मोकळीक आहे असेही नव्हे. अग्निपुराणातील जीर्णोद्धारविधीत भग्न मूर्ती काढून नवी स्थापावयाची ती पूर्वीच्याच मापाची आणि पूर्वीच्याच द्रव्याची असावी, असा स्पष्ट दंडक आहे; सिमेंटवाद्यांनी तो सोयीस्करपणे विसरू नये. त्याच परंपरेत कलाकर्षणाचाही विधी आहे, आणि माझ्या मते या संपूर्ण वादात तात्त्विकदृष्ट्या सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे. काम सुरू करण्यापूर्वी मूर्तीतील देवत्वाच्या कला मंत्रपूर्वक कलशातील जलात आणावयाच्या, काम चालू असेतो पूजा त्या कलशाची करावयाची, आणि वास्तू सिद्ध झाल्यावर त्या कला पुन्हा मूर्तीत प्रतिष्ठित करावयाच्या. ज्या समाजाने हा विधी रचला, त्याने देवाचे सान्निध्य आणि देवाचे घर या दोन गोष्टी भिन्न मानल्या. घर जीर्ण होते, ते उकलावे लागते, गवंड्याचा व पाथरवटाचा हात त्याला लागतो, आणि त्या काळात देवास अन्यत्र सुखाने राहता येते. तेव्हा अमुक द्रव्याने देवत्व भ्रष्ट होते आणि तमुक द्रव्याने ते टिकते, हा पहिल्या पक्षाचा युक्तिवाद परंपरेच्या स्वतःच्या आचारातच टिकत नाही.

मग कोणतेही द्रव्य कोठेही चालेल काय? येथे दुसऱ्या पक्षाला थांबवले पाहिजे. देव भावाचा भुकेला हे खरे. परंतु तुळई भावावर उभी राहत नाही. बांधकामात नवी वस्तू स्वीकारताना आपण एक विधान करीत असतो, की ही वस्तू इतकी वर्षे इतका भार वाहील. आणि या विधानाला प्रमाण काय, हा प्रश्न नैयायिकाने विचारावयाचा आहे. जुन्या द्रव्याच्या बाबतीत हे काम सोपे असते. चुन्याची घाणी, त्यात पडणारा गूळ, हिरडा आणि बेलफळाचा गर, चुना किती दिवस मुरवावयाचा आणि भिंत कोणत्या ऋतूत चढवावयाची, हे गवंड्याला बापाकडून मिळालेले असते. त्याच्यामागे शेकडो वर्षांचे भूयोदर्शन उभे असते. नव्या द्रव्याच्या मागे असे काही नसते. प्रयोगशाळेत उष्णता, क्षार आणि दाब यांचा मारा करून काही आठवड्यांत शतकाचे काम उरकले जाते आणि त्यावरून पुढचे अनुमान बांधले जाते. अनुमान हे प्रमाणच आहे, त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु आपल्या नैयायिकांनीच बजावून ठेवले आहे, की व्याप्तीत, म्हणजे ‘जेथे हे तेथे ते’ या नियमात, एखादी उपाधी, म्हणजे न सांगितलेली अट, दडलेली असेल तर अनुमान फसते. जेथे धूर तेथे अग्नी हे बरोबर. पण जेथे अग्नी तेथे धूर असे म्हणता येत नाही, कारण धूर निघण्यास सरपण ओले असावे लागते, आणि तो ओलेपणा आपण विधानात धरलेला नसतो.

ही उपाधी बांधकामात कशी दडते, याचे अथेन्समधील पार्थेनॉनइतके बोलके उदाहरण मला दुसरे माहीत नाही. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ते देवालय बांधणाऱ्या ग्रीकांनी संगमरवराच्या शिळा एकमेकींना लोखंडी पट्ट्यांनी जखडल्या होत्या, आणि त्या पट्ट्यांनी दोन हजारांहून अधिक वर्षे आपले काम चोख बजावले. विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या दशकांत निकोलाओस बालानोस या अभियंत्याने पडलेले स्तंभ व शिळा पुन्हा उभारण्याचे काम हाती घेतले, तेव्हा त्यानेही लोखंडच वापरले. द्रव्य तेच, कार्य तेच, देवालयही तेच. जुन्या मार्गाने जाण्याचे याहून निर्दोष उदाहरण कोणते सापडणार? परंतु प्राचीन कारागीर प्रत्येक पट्टीभोवती शिसे वितळवून ओतीत असत. त्या शिशाने पाणी व हवा लोखंडापर्यंत जाऊ दिली नव्हती, आणि दगड व लोखंड यांच्या हालचालीलाही थोडा वाव ठेवला होता. बालानोसच्या लोखंडाला हे कवच लाभले नाही. काही दशकांतच त्यावर गंज चढला; गंजलेले लोखंड मूळच्या कित्येक पट जागा मागते, आणि ती जागा त्याने संगमरवर आतून फोडून मिळवली. लोखंड टिकते या व्याप्तीतील शिसे ही उपाधी होती, आणि ती नजरेतून सुटली. १९७५ साली नेमलेल्या समितीच्या देखरेखीखाली पुढे त्या पट्ट्या एकेक करून काढण्यात आल्या आणि त्यांच्या जागी टायटॅनियम बसविण्यात आले. हा धातू ग्रीकांनी कधी पाहिलाही नव्हता. म्हणजे परंपरेच्या नावाने घातलेल्या जुन्या द्रव्याने देवालय फुटले आणि सर्वस्वी परक्या अशा नव्या द्रव्याने ते सावरले. जुने विरुद्ध नवे ही आपली विभागणी येथे काय कामाची?

आता ज्याच्यावरून आपल्या गावात भांडण आहे त्या लोहबद्ध काँक्रीटकडे वळू. त्याचा इतिहास फारसा लांबचा नाही. जोसेफ मोनिए नावाच्या फ्रेंच माळ्याने सिमेंटच्या कुंड्या फुटू नयेत म्हणून त्यांत लोखंडी जाळी घातली आणि १८६७ साली तिचे पेटंट घेतले; तेथून ही विद्या पूल आणि गिरण्या करीत करीत देवाच्या दारापर्यंत पोहोचली. पॅरिसमध्ये मोंमार्त्र येथे आनातोल द बोदो या वास्तुकाराने १८९४ ते १९०४ या काळात संत जॉनचे चर्च या नव्या पद्धतीने उभारले, तेव्हा इतक्या सडपातळ खांबांवर सरकारी अंमलदारांचा विश्वास बसेना. काम काही वर्षे बंद पडले आणि इमारत पाडून टाकण्यापर्यंत पाळी आली. ते चर्च आजही उभे आहे आणि त्यात आजही उपासना चालते. परंतु काँक्रीटची खरी वयोमर्यादा कोठे आहे हे समजून घ्यावयाचे असेल तर रोमला जावे. तेथील पँथिऑनचा ४३ मीटर व्यासाचा घुमट काँक्रीटचाच आहे आणि त्याला सुमारे १९०० वर्षे झाली. त्यात लोखंड नाही. आपल्या स्लॅबचे आयुष्य सिमेंटमुळे नव्हे तर त्याच्या पोटातील सळईमुळे मर्यादित झालेले असते. ताज्या काँक्रीटचा क्षारधर्म सळईला सांभाळतो. हवेतील कर्बवायू वर्षानुवर्षे आत मुरून तो क्षारधर्म क्षीण करतो, कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर खाऱ्या हवेतील मीठ सळईचे ते संरक्षण अधिक लवकर मोडते, आणि मग अथेन्समध्ये संगमरवराचे जे झाले ते आपल्या सभामंडपाच्या छताचे होऊ लागते. प्रथम बारीक चीर, मग फुगवटा, मग एके दिवशी खपली खाली पडते आणि तांबूस सळई दिसू लागते.

या द्रव्याचा आणखी एक स्वभाव आहे, आणि धर्मविचाराच्या दृष्टीने मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. दगडी भिंतीतील लबाडी लपत नाही. ओळंब्याबाहेर गेलेला थर, नीट न बसलेला सांधा, चिपा घालून भरलेली पोकळी ही येणाऱ्या-जाणाऱ्यास दिसते, आणि गवंड्याला गावात तोंड दाखवावयाचे असते. काँक्रीटमध्ये सळई किती जाडीची पडली, तिच्याखाली कव्हर किती राहिले, माल सरकावा म्हणून त्यात वरून किती पाणी ओतले गेले, ओतल्यानंतर निदान सात दिवस त्यावर पाणी मारले की तिसऱ्याच दिवशी मिस्त्री दुसऱ्या कामावर गेला, हे सारे गिलावा चढला की कायमचे झाकले जाते. त्याचा परिणाम वीस-तीस वर्षांनी प्रकट होतो. तोवर कंत्राटदाराचे बिल चुकते झालेले असते, समितीचे अध्यक्ष बदललेले असतात, आणि ज्याच्या डोक्यावर ते छत आहे तो भाविक कदाचित बांधकामाच्या वेळी जन्मलाही नसतो. नव्या तंत्राने कारागिराचे पाप अधिक खोल लपविण्याची सोय केली, एवढाच याचा अर्थ नाही. ज्ञानही कारागिराच्या हातातून निघून नकाशात आणि गणितात गेले, आणि काम करणाऱ्यास आपण पाणी का मारतो हे सांगणारे कोणी उरले नाही. अशा वेळी भूमिपूजनाचा नारळ आणि कलशारोहणाची मिरवणूक यांच्यामधल्या त्या सात दिवसांच्या पाण्याला मी धर्मकृत्य म्हणेन. त्याला मंत्र नाही, यजमान नाही आणि छायाचित्रही नाही.

या पार्श्वभूमीवर अयोध्येच्या राममंदिराच्या बांधणीत झालेला एक निर्णय मला विचारार्ह वाटतो. तेथे पायासाठी प्रथम काँक्रीटचे खांब जमिनीत उतरविण्याची योजना होती. चाचण्यांनंतर ती सोडून दिली गेली, वाळूची सैल माती खोलवर उपसण्यात आली आणि तिच्या जागी रोलरने थराथराने दाबलेल्या काँक्रीटचा सुमारे १४ मीटर जाडीचा भराव घातला गेला. त्यावर ग्रॅनाइटचे जोते आणि वर बन्सी पहाडपूरच्या गुलाबी वालुकाश्माचे मंदिर. शिळांच्या सांध्यांत तांब्याच्या पट्ट्या, आणि लोखंड कोठेही नाही. येथे नवे आणि जुने यांची वाटणी कोणत्या तत्त्वावर झाली? जे द्रव्य दाबाखाली काम करते आणि ज्याच्या पोटात गंजणारे काही नाही, असे नवे द्रव्य निःसंकोच स्वीकारले गेले. ज्याचे आयुष्य शतकाच्या आसपास संपते ते, सहस्र वर्षांचा संकल्प असल्यामुळे, वगळले गेले. लोखंड अशुभ म्हणून वगळले असे कोणी सांगितले तर त्यात मला रस नाही. ते संकल्पित मुदतीपर्यंत साथ देणार नाही म्हणून वगळले, हे कारण मला पटते, आणि शास्त्राचा आशयही तोच असावा असे वाटते. अर्थात या कामामागे मोठमोठ्या संस्थांचे अभियंते आणि देशभरातून आलेला निधी होता. आपल्या गावच्या म्हसोबाच्या समितीने त्याची नक्कल करावी असे सुचविण्याइतका मी अव्यवहारी नाही.

काही जणांचा आक्षेप याहून निराळा आहे. त्यांच्या मते देवालय हे कारागिराच्या श्रमातून घडणारी पूजा आहे, आणि यंत्राने छापलेले देऊळ ही पूजाच नव्हे. तेलंगणातील सिद्दिपेट जिल्ह्यात २०२३ साली यंत्राकडून थरावर थर घालून छापलेले देऊळ उभे राहिले, त्यात गणपतीचा गाभारा मोदकाच्या आकाराचा आहे. ही बातमी वाचून पुष्कळांना विश्वकर्म्याचा अपमान झाल्यासारखे वाटले असेल. या भावनेत तथ्य आहे. छिन्नीचा प्रत्येक घाव विचारपूर्वक घालावा लागतो आणि त्या विचारात कारागिराचे चित्त देवाशी जडते. यंत्राचे चित्त कोठेही जडत नाही. पण छिन्नीसाठी हळहळणारे हे सुसंस्कृत मन डोक्यावर घमेले घेऊन कच्च्या शिडीने दिवसभर चढ-उतार करणाऱ्या बाईसाठी सहसा हळहळत नाही. तिच्या मानेवरचा तो भार कोणत्या शास्त्राने पूजा ठरविला आहे? मालाची लिफ्ट, मिक्सर किंवा पंप यांनी तो भार उतरवला तर देवालयाचे पावित्र्य रतिमात्र कमी होत नाही. उलट त्या देवळात तिला कळसदर्शनापुरतेच उभे करणाऱ्या समाजाने आपल्या पावित्र्याचा हिशेब पुन्हा तपासावा. मूर्तिकाराची छिन्नी राखा आणि मजुराचे घमेले उतरवा; या दोहोंत विरोध आहे असे मला कधीच वाटले नाही.

तेव्हा निवाडा कोणत्या कसोटीवर करावा? आपले ज्ञान अपुरे आहे, उपाधी कोठे दडली आहे हे पूर्णपणे कळण्याची शक्यता नाही, हे एकदा मान्य केले, की नवे द्रव्य घालताना ते पुढे काढता येईल अशा रीतीने घालणे हा विनयाचा भाग ठरतो. मूर्तीवरच्या वज्रलेपाचेच पाहा; वराहमिहिराने बृहत्संहितेत त्याची कृती दिली आहे. कच्ची टेंभुर्णीची फळे, कच्ची कवठे, सावरीची फुले इत्यादी पाण्यात घालून अष्टमांश उरेपर्यंत आटवावयाची आणि त्यात राळ, गुग्गुळ यांसारखे पदार्थ मिसळावयाचे. पंढरपूरच्या श्रीविठ्ठलाच्या मूर्तीवर २०२० साली टाळेबंदीच्या काळात वज्रलेप झाला तो आधुनिक रसायनाचा, आणि पुरातत्त्व विभागाच्या तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. असा लेप पूर्वीही झाला होता, आणि पुढेही तो करावा लागेल. यात मला काही वावगे दिसत नाही, कारण येथे मूर्ती तीच राहते आणि झिजतो तो लेप. जुन्या बांधकामातील चुनाही याच धर्माचा आहे. तो विटेपेक्षा मऊ असतो, ओल आपल्या अंगावर घेतो, आणि झिजावयाचे तर आधी आपण झिजतो. पाचपन्नास वर्षांनी सांधा खरवडून नवा चुना भरला की भिंत पुन्हा उभी. त्या सांध्यात सिमेंट भरले म्हणजे ही व्यवस्था उलटी होते. ओल कोंडते, क्षार बाहेर पडण्यास विटेचा वा मऊ दगडाचाच मार्ग धरतात, आणि घट्ट सांधा शाबूत राहून त्याच्या भोवतीची भिंत गळून पडते. चुन्याशिवाय केवळ शिळेवर शिळा बसवून रचलेल्या हेमाडपंती देवळांच्या सांध्यांत सिमेंट लिंपणे तर अज्ञानाची परिसीमाच आहे. तेथे ज्या फटी आहेत त्या दोष नसून रचनेचा भाग आहेत, आणि एकदा चिकटलेले सिमेंट दगडाचे टवके घेतल्याशिवाय निघत नाही.

म्हणून माझ्या मते नव्या गावठाणात नवे देऊळ बांधणाऱ्यांनी काँक्रीट खुशाल वापरावे. ते गरिबांच्याही आवाक्यातील आहे, आणि भूकंपाच्या पट्ट्यात नीट बांधलेली लोहबद्ध चौकट मातीत रचलेल्या दगडी भिंतींपेक्षा माणसांचे प्राण अधिक राखते, हे किल्लारीच्या १९९३ सालच्या भूकंपानंतर मराठवाड्याला निराळे सांगावयास नको. परंतु जेथे यादवकालीन वा पेशवेकालीन देऊळ उभे आहे तेथे, केवळ वर्गणी जमली आहे आणि आमदारांच्या हस्ते उद्घाटनाची तारीख ठरली आहे म्हणून, ते पाडून स्लॅब टाकणे हा जीर्णोद्धार नव्हे. त्यात उद्धार नसून जीर्णाचा नाश तेवढा आहे. पाषाणावर ऑइलपेंट फासणे हाही त्याच वर्गातील अपराध होय, जरी तो मोठ्या भक्तीने केला जातो.

आपल्या गावात अशी समिती नेमली गेली असेल आणि वाचक तिचे सभासद असतील, तर त्यांना एवढीच विनंती. जुन्या देवळाला हात लावण्यापूर्वी पुरातत्त्व विभागाचा किंवा जतनाचे काम जाणणाऱ्या वास्तुतज्ज्ञाचा लेखी सल्ला घ्यावा. नवे काँक्रीट ओतावयाचे असेल तर सळई बांधून झाल्यावर आणि माल पडण्यापूर्वी अभियंत्याकडून ती तपासून घ्यावी, आणि पाणी मारण्याची पाळी गावातील घरांना वाटून द्यावी. आणि काय घातले, कोठे घातले, कोणत्या प्रमाणात घातले याचा नकाशासह तपशील देवस्थानच्या दप्तरात जमाखर्चाच्या वह्यांशेजारी कायम ठेवावा. पन्नास वर्षांनी ते छत दुरुस्त करावयास येणाऱ्या माणसाला देणगीदारांच्या संगमरवरी फलकापेक्षा त्या कागदाची गरज अधिक पडणार आहे.